कूलरविना खिडकी

पांढुर्ण्याच्या घराची डागडुजी काढली तेव्हा मी एकाच गोष्टीवर अडून बसले: पश्चिमेची खिडकी बदलायची. दुपारी त्या खोलीत पाय ठेवला की तव्यावर ठेवल्यासारखं व्हायचं, आणि मला तिथं माझ्या वडिलांना ठेवायचं होतं. आई गेल्यापासून ते लोधीखेड्याकडच्या गावी संत्र्याच्या बागेत एकटेच राहतात. दर उन्हाळ्यात येतात. जेवून घरघरणाऱ्या कूलरसमोर बसले की मी म्हणते, "बाबा, पाऊस पडेपर्यंत राहा." ते "हो हो" करून मान हलवतात आणि दोनच दिवसांत पिशवी उचलून बस स्टँड गाठतात. राग माझ्या नाकावरच असतो. पुढं महिनाभर मी फोनवर तुटक बोलते.

नागपूरच्या एका दुकानात व्हॅक्यूम काच पाहिली. दोन काचा आणि मधली हवा पार काढून घेतलेली, म्हणून बाहेरचा ताप आत येत नाही. मापं दिली, काच कारखान्यातून तयार होऊन आली, अन् नेमके त्याच दिवशी बाबा काम बघायला हजर.

"हवा काढलेली काच?" त्यांनी बोटानं टकटक केली. "खिडकी हवा घ्यायले असते. तू पैसे देऊन हवा काढून राहिली?"

मिस्त्री फिसकन हसला. मी चहा टाकायला आत गेले आणि तेवढ्यात बाबांनी कारभार हाती घेतला. आमच्याकडे खिडकी म्हणजे आधी कूलरची जागा, मग उजेडाची. बाहेर येऊन पाहते तर काचेवर खडूनं चौकोन आखलेला, आणि मिस्त्री कटर घेऊन वाकलेला.

"एवढंच काप, कूलर बसला म्हंजे झालं," बाबा सांगत होते.

मी अशी ओरडले की शेजारीण कुंपणापाशी आली. ही काच कापता येत नाही. जरा चीर गेली की हवा शिरते आणि सगळं मुसळ केरात. मिस्त्रीनं कटर खिशात घातलं.

"मंग कूलर कुठी?"

"कूलर नाही, बाबा. छोटा एसी."

"एसीनं हाडं धरतेत. जिथं कूलर नाही तिथं मी येत नाही." चहा न घेताच ते निघाले. मीही त्यांचीच लेक. काच बसवून घेतली.

मे महिना आला, बाबा आले नाहीत. शेवटी मीच गावी गेले. म्हटलं, "एक दुपार झोपून पाहा. झोप नाही लागली तर काच काढते आणि कूलर लावते." बोलून गेले खरी, पण बाबांना घेऊन परतताना बसमध्ये काचेची किंमत आठवत राहिले.

एसीनं खोली थंड करून मी तो बंद केला. नुसता पंखा चालू ठेवला. जेवून बाबा पलंगावर आडवे झाले आणि थोड्या वेळात चक्क घोरू लागले. बाहेर ऊन रणरणत होतं आणि मी दारात उभी राहून एकटीच हसत होते. इतकं गोड घोरणं मी कधी ऐकलं नव्हतं.

ते जागे झाले तेव्हा मी खाली बसून लसूण सोलत होते. "चहा टाकू?" मी हळूच विचारलं.

"टाक. साखर कमी."

मी दचकले. एरवी त्यांना खांदा हलवून सांगावं लागतं. मग चहावर गोष्टी निघाल्या. लग्नानंतर आई बागेतली गोड संत्री गव्हाच्या कोठीत लपवायची आणि बाबांना आंबट द्यायची, हे मला त्या दुपारी कळलं. दोघंही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. माझा बाप इतका बोलका आहे हे मला या वयात कळत होतं. त्या आनंदातच मी म्हणून टाकलं, "बाबा, पाऊस पडेपर्यंत राहा ना."

"राहतो ना. पन हे तू आधी कधी काऊन नाही म्हटलं?"

"दरसाल म्हणते, बाबा. कूलरसमोर बसलो की. तुम्ही मान हलवता."

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"मले वाटे," ते म्हणाले, "तू जेवन झालं का म्हून पुसून राहिली."