रिकाम्या ताटाची बोली

त्या बाईंचं नाव मला अजून माहीत नाही. नाशिकरोडच्या आमच्या चर्चमध्ये नवं पीक आल्याचा, हंगामाचा सण होता. आवारात लोकांनी अर्पण केलेले भोपळे, कांदे, कोंबड्या ह्यांचा लिलाव रंगला होता. घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून मी अर्थातच पुढच्या रांगेत बसलो होतो. एवढ्यात निर्वासितांसाठी काम करणाऱ्या त्या पाहुण्या बाई रिकामं ताट घेऊन उभ्या राहिल्या. शेजारी एक परदेशी माणूस मान खाली घालून उभा होता.

"ह्यांनी जीव वाचवायला आपल्याकडे आसरा मागितला. अर्ज नामंजूर झाला. परत जाता येत नाही, इथं काम करायची परवानगी नाही. सरकारनं नाही म्हटलं, पण पोटाला ते कुठं कळतंय? आम्ही कोर्टात दाद मागतोय. तोवर ह्यांनी खायचं काय? बोला, ह्या ताटाची बोली!"

"पाच हजार!" मी हात उंच करून ओरडलो. टाळ्या पडल्या. मी मागे वळून नमस्कारही केला.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "पैसे खिशात ठेवा, भाऊ. बोली दिवसांची आहे. किती दिवस ह्यांना घरी जेवायला न्याल?"

मी हात खाली घेतला. "घरी विचारून सांगतो."

"विचारा की!" मागून बायको म्हणाली. "मी इथंच बसलेय."

सगळं आवार हसलं. मग तीच उठली आणि म्हणाली, "निकाल लागेपर्यंत."

बाईंनी ताट माझ्या हातात दिलं. "ह्यांना तिखट सोसत नाही हं, भाऊ."

तेव्हा कुठे मी त्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिलं.