रफूवाल्या चाचांचा नकाशा

रफूवाल्या चाचांकडे कुणी नकाशा पाहायला गेलं, की ते त्याला आधी उठवून पश्चिमेकडं तोंड करून बसवत. "तिकडून बसू नको बाबू, फौज उलटी चालंल!" हा त्यांचा ठरलेला विनोद.

नकाशा कापडावरचा, कळमनुरीच्या रस्त्यावरच्या लष्करी गढीचा. निजामाच्या सरहद्दीवरची ही गढी. चाचांचे पणजोबा तिथं शिपाई होते. त्यांनी नमाजाच्या चटईवर बसूनच तो काढला, म्हणून त्याची वरची बाजू पश्चिम. चारी दरवाजे सारखेच, दिशा कुठंच लिहिलेली नाही. कापड विरलं की चाचा स्वतः रफू करत. "बुरूज सरकारनं पाडले, मी शिवून राहिलो," म्हणत आणि बोळकं पसरून हसत.

खऱ्या गढीची केव्हाच माती झाली होती. दक्षिणेच्या अंगाला जुनं कबरस्तान होतं, पण कबरी कच्च्या. पावसानं सपाट झालेल्या. चाची तिथंच होत्या. दर गुरुवारी चाचा फुलं घेऊन जात आणि अचूक त्यांच्यापाशी थांबत.

हिंगोली जिल्हा झाला आणि गोदामासाठी नेमकी तीच जमीन निघाली. मोजणीदार मी. चाचा नकाशा काखेत मारून कचेरीत आले. साहेबांनी उत्तर वर धरून तो टेबलावर पसरला. तसा धरला की नकाशात डाव्या हाताला काढलेलं कबरस्तान दक्षिणेऐवजी पश्चिमेच्या पडिकात जातं.

"साहेब, जरा पश्चिमेकडं तोंड करून बघा."

"आता मला नमाज पढायला लावतो का?"

सगळी कचेरी हसली. मीही हसलो.

चाचा माझ्याकडं वळले. "बाबू, तू तर माझ्या ओसरीवर बसलेला हायेस. सांग की."

साहेबांना खोटं पाडायची माझी छाती झाली नाही. "जुनं कापड आहे साहेब, त्याचा काय भरवसा?" म्हणालो, आणि 'कबरस्तान पश्चिमेस' असं लिहून सही केली.

गोदाम उभं राहिलं. चाचांनी नकाशा पुन्हा कुणाला दाखवला नाही. एका गुरुवारी ते मला पश्चिमेच्या पडिकात दिसले, बाभळीखाली, हातात फुलं.

"चाचा, इथं काहून?"

"तुझ्या कागदात ती इथंच हाय ना. तिकडं वॉचमन जाऊ देत न्हाई. मंग फातिहा इथंच वाचतो."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पुढं त्यांनाही त्याच बाभळीखाली पुरलं, चाचीजवळ राहतील म्हणून. कागदावर दोघं शेजारी आहेत. खरं म्हणजे चाची दक्षिणेला आहेत, गोदामाखाली. सही करतानाही मला हे ठाऊक होतं.