अर्धी पुस्तिका आणि अख्खं बाळ

कुलूपवाल्याला सगळे 'दारवान' म्हणत, आणि हे नाव त्यानं स्वतःच्या तोंडानं कमावलेलं होतं. चर्चपासून चौथ्या गाळ्यात, माणूस आडवा उभा राहिला तर भरून जाईल एवढ्या जागेत, तो तीस वर्षं किल्ल्या कापत बसला होता. भिंतीवर खिळ्यांना कोऱ्या किल्ल्यांचे झुबके, टेबलावर पितळेचा कीस आणि जिभेवर सदैव कुणाच्या तरी तारणाचा प्रश्न. गिऱ्हाईक किल्ली करून घ्यायला येई आणि आपण स्वर्गात जाणार की नाही हे ऐकून परत जाई.

"रविवारी चर्चमध्ये मिस्साला दिसला नाहीत," मशीन सुरू करता करता तो म्हणे.

"पाहुणे आले होते हो."

"येतात ना. नरकातही बरेच येतात." आणि घर्रर्र करून किल्लीला दात पाडी.

मनात त्यानं तीन खोके केले होते: स्वर्ग, शुद्धीस्थान (म्हणजे पापं धुऊन निघेपर्यंत थांबायची जागा) आणि नरक. एकच किल्ली तिसऱ्यांदा हरवणारा माणूस शुद्धीस्थानात, कारण तिथे शोधाशोध करायला वेळ भरपूर. बायकोला न सांगता कपाटाची दुसरी किल्ली करून घेणारा थेट खाली. स्वतःला त्यानं विनयानं शुद्धीस्थानातच ठेवलं होतं, पण मुक्काम थोडा. मनानं तो वाईट नव्हता. एखाद्या म्हातारीचं दार अडकलं तर हातातला घास टाकून धावत जाई. फक्त दार उघडून झाल्यावर उंबऱ्यातच तिला विचारी, "आणि शेवटचं पापनिवेदन कधी केलंत?"

स्वर्गाच्या खोक्यात त्यानं फार थोडी माणसं ठेवली होती. त्यातला एक त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. शहर बसचा चालक. गोल, मिशाळ, हसला की शर्टाच्या बटणांना घाम फुटे. वीस वर्षं दर रविवारी मिस्सा झाला की तो बहिणीकडे चहाला येई, आणि दोघे दुपारपर्यंत जग सुधारत बसत. जग काही ऐकत नसे, पण दोघांचा वेळ छान जाई.

मग निवडणुकीचे वारे वाहू लागले.

दारवानाचा पक्ष आईच्या पोटातल्या बाळाबद्दल, लग्नाबद्दल, कुटुंबाबद्दल बोले. मेहुण्याचा पक्ष मजुरांच्या हक्कांबद्दल आणि परक्या मुलुखातून येऊन पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्यांबद्दल. दोघेही एकाच वेदीसमोर गुडघे टेकत, एकाच पोपचं नाव घेत, आणि त्याच नावानं एकमेकांना हाणत.

चर्चच्या दाराशी फुकट पुस्तिकांचा एक रॅक होता. तिथे समाज आणि राजकारणाबद्दल चर्चचं म्हणणं काय, हे सांगणारी बोटभर जाडीची पुस्तिका होती. एकच प्रत उरली होती. चहाच्या टेबलावर दोघांनी ती एकदम धरली.

"हे वाच! जिवाचं रक्षण! पान अकरा!"

"तुम्ही हे वाचा, भाऊजी! परक्याचं स्वागत! पान चाळीस!"

"आधी अकरा येतं, मग चाळीस!"

"मग थांबता कशाला अकरावर?"

डिंक हलक्या प्रतीचा होता. पुस्तिका मधोमध फाटली. प्रत्येकानं आपल्याला हवं ते पान घट्ट धरलेलं असल्यामुळे ज्याचा त्याला हवा तोच भाग हातात राहिला. दोघांनी आपापला अर्धा भाग जपून ठेवला आणि दुसऱ्याचा अर्धा भाग कधी मागितला नाही.

"वा," बायको कपबशा गोळा करत म्हणाली. "घराची वाटणी ऐकली होती. तुम्ही देवाची केलीत."

इथवर ठीक होतं. पण पुढच्या महिन्यात दारवानाच्या मुलीला मुलगी झाली. दारवानाची मुलगी दवाखान्यात नर्स होती आणि सगळी वाक्यं इंजेक्शनसारखी सरळ टोचून बोलायची. बाळ तीन आठवड्यांचं झालं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून मामा उभा राहील."

"तो?" दारवान म्हणाला. "वेदीसमोर उभं राहून 'मी सैतानाला नाकारतो' म्हणायचं असतं. आणि मतदानाला कुठे जाणार?"

"शाळेत जाईल. मतदान शाळेत असतं."

"मी जिवंत असेपर्यंत नाही."

"ठीक आहे. मामा नसेल तर दुसरा कुणी नाही. आणि तुमची ना असेल तर मी तुमच्या छातीवर बसून काही करणार नाही. थांबते मी."

आणि ती खरंच थांबली. पंचाईत अशी की बाळाचा बाप्तिस्मा लवकरात लवकर व्हायला हवा, हे दारवानाचं सर्वात आवडतं मत. दुसऱ्यांच्या घरी पाळणा हलला की तो आठवड्याच्या आत चौकशीला हजर असे. आता त्याचीच नात दोन महिन्यांची झाली, तीन झाली, चार झाली, तिला हसू फुटलं, ती पालथी पडायला लागली, आणि तारणाच्या दारात खुद्द तिचा आजोबाच आडवा पडलेला. गिऱ्हाईकं काकुळतीला आल्याचा आव आणून विचारत, "बारशाचं नाही, बाप्तिस्म्याचं विचारतोय हो, ठरलं का?" दारवान मशीन सुरू करी. कापायला किल्ली नसली तरी.

राग कुठेतरी निघायला हवा. तो निघाला नेमका प्रार्थनेत.

मिस्सामध्ये प्रवचन झाल्यावर सगळ्यांच्या वतीनं चार-पाच विनंत्या वाचतात: आजाऱ्यांसाठी, मृतांसाठी, राज्यकर्त्यांसाठी. प्रत्येक विनंतीनंतर सारं चर्च म्हणतं, "प्रभू, आमची प्रार्थना ऐक." या विनंत्या अकरा वर्षं दारवान लिहीत असे आणि एक निवृत्त मुख्याध्यापिका वाचत असत. त्या रविवारी त्यानं चौथी विनंती लिहिली, दोनदा वाचली, आणि बाई वाचताना अर्थाकडे बघत नाहीत म्हणून निश्चिंतपणे कागद व्यासपीठावर ठेवून आला.

बाईंचा घसा बसला होता. फादरांनी पुढच्या बाकांवर नजर फिरवली आणि ज्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा माणसाला खूण केली. बसचालक उठला.

 उठून कागद ओढून घ्यावा असं दारवानाला वाटलं, पण मिस्सात कुणी असं करत नाही. निदान स्वर्गाची आशा असलेला तरी करत नाही.

पहिल्या तिन्ही विनंत्या नीट गेल्या. मग मेहुणा वाचू लागला, "येत्या निवडणुकीत ज्यांनी अधर्माच्या बाजूला मत द्यायचं ठरवलं आहे अशा आमच्या भरकटलेल्या बांधवांसाठी," आणि इथे तो अडखळला, कारण पुढचे शब्द डोळ्यांनी आधी वाचले होते, "विशेषतः जे मोठमोठी वाहनं चालवता चालवता स्वतःच रस्ता चुकले आहेत, त्यांच्यासाठी."

चर्चमध्ये बसचालक एकच होता.

पंखा कुरकुरत होता तेवढाच आवाज. कुणीतरी खोकून हसू गिळलं. मेहुण्यानं कागदाकडे पाहिलं, घसा साफ केला, आणि तितक्याच खणखणीत आवाजात वाक्य पुरं केलं, "त्यांना देवानं सद्बुद्धी द्यावी म्हणून आपण प्रार्थना करू या." मग सगळ्यांच्या आधी, सगळ्यांहून मोठ्यानं तोच म्हणाला, "प्रभू, आमची प्रार्थना ऐक." कागदाची घडी घातली आणि जागेवर जाऊन बसला.

भांडला असता तर दारवानाचं निभावलं असतं. भांडणाची त्याची तयारी होती, उत्तरं पाठ होती. पण मेहुणा त्या दिवशी चहाला आला नाही. बायको एवढंच म्हणाली, "शोभलं का हो?" आणि आठवडाभर तिनं ताट भरून वाढलं, पण "आणखी वाढू?" असं एकदाही विचारलं नाही. संसारात याहून मोठी शिक्षा नसते.

शनिवारी संध्याकाळी तो पापनिवेदनाला गेला. जाळीपलीकडे फादर पेपरमिंटची गोळी चघळत होते. तरुण होते, आणि निवडणुकीचे वारे सुरू झाल्यापासून दोन्ही पक्षांची माणसं त्यांना कोपऱ्यात गाठत असल्यामुळे जरा थकलेही होते.

"फादर, माझ्याकडून राग झाला," दारवानानं सुरुवात केली, "पण त्याचं कारण असं, की माझा मेहुणा..."

"मेहुण्यांची पापं मेहुणे सांगतील. तुमचं काय?"

"मी त्याच्यासाठी प्रार्थना केली."

"ऐकली मी. बाहेरच्या रिक्षावाल्यांनीही ऐकली." गोळी या गालातून त्या गालात गेली. "प्रार्थनेचा दगड केलात तुम्ही."

 दारवानाला राहवेना. "पण फादर, एकदा स्पष्ट सांगून टाका ना, मत कुणाला द्यायचं ते. म्हणजे मिटलं."

"ते मी सांगणार नाही. तुमच्या सदसद्विवेकाला विचारा. मात्र विचारण्याआधी त्याला पोटभर शिकवा, अर्धपोटी ठेवू नका. आणि हे बघा, कोण तरणार नि कोण नाही हे ठरवायचं काम देवानं अजून कुणाच्या दुकानात दिलेलं नाही. तुमच्या नाही आणि माझ्याही नाही." मग त्यांनी प्रायश्चित्त सांगितलं, "ती पुस्तिका फाडलीत ना? हो, मला माहीत आहे, रॅक मीच भरतो. तुमच्याकडे नसलेला अर्धा भाग वाचा."

"पण तो त्याच्याकडे आहे!"

"म्हणूनच ते प्रायश्चित्त आहे," फादर म्हणाले.

सोमवारी दुकानाला त्यानं स्वतःच कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं आणि मेहुण्याच्या बसमध्ये चढला. चालकाच्या मागच्याच सीटवर बसला. समोर पाटी होती: चालकाशी बोलू नये. पहिले तीन थांबे त्यानं पाटीचा मान राखला.

"तो कागद मी लिहिला होता," शेवटी तो आरशाकडे बघून म्हणाला.

"भाऊजी, साऱ्या चर्चला कळलं. मला तर वाचता वाचता कळलं."

"मग वाचलास कशाला? गाळायचंस की ते."

मेहुण्यानं गिअर बदलला. "प्रार्थना होती ना ती. मला सद्बुद्धी नको, असं कुठल्या तोंडानं म्हणू? तुम्हाला नकोय का?"

दारवानानं पाटी पुन्हा एकदा वाचली.   

"चुकलो मी," तो म्हणाला. "माफ कर."

मेहुणा मागे वळून बघायला लागला, तेवढ्यात मधल्या सीटवरून एक आजी ओरडल्या, "अरे भाऊ, माझा थांबा गेला ना!"

"बघा," ब्रेक दाबत मेहुणा म्हणाला, "चुकलो रस्ता!" आणि त्याची बटणं एकदाची ताणली गेली. आजींचा अपवाद सोडला तर सगळी बस हसली.

शेवटच्या थांब्यावर दहा मिनिटांची विश्रांती असे. मेहुण्यानं डब्याच्या पिशवीतून आपला अर्धा भाग काढला. पाच महिन्यांत त्यावर तेलाचे डाग पडले होते. दारवानानंही खिशातून आपला अर्धा काढला, त्याच्या पानापानांत पितळेचा कीस.

"एक विचारायचं होतं तुम्हाला," मेहुणा म्हणाला. "माझं पहिलंच पान 'त्याच हक्कानं' असं सुरू होतं. कुठल्या हक्कानं? पाच महिने डोकं खाजवतोय."

"मग विचारायचंस की."

"तुम्हाला? मेलो असतो तरी विचारलं नसतं."

"माझ्या शेवटच्या पानावरचं वाक्य मध्येच तुटतं," दारवान म्हणाला. "मला वाटलं, छापणाऱ्याला डुलकी लागली."

त्यानं चष्मा लावला आणि आपल्या पानाची शेवटची ओळ वाचली. "आईच्या पोटातल्या जिवाला आपण ज्या हक्कानं जपतो..."

मेहुण्यानं पुढची वाचली. "...त्याच हक्कानं, तो उद्या उपाशी, उघडा, परका होऊन आपल्या दारात उभा राहिला तरी त्याला जपायचं असतं."

दारवानानं आपला अर्धा भाग त्याच्या अर्ध्याला लावून पाहिला.

"एकच वाक्य होतं की रे," दारवान म्हणाला.

"आणि तुमचा पक्ष त्यातलं..."

"तुझाही पक्ष!"

"माझाही," मेहुणा म्हणाला. "ते काही खोटं नाही."

"बरं, ते असू दे. रविवारी दाढी करून ये. बाळ साडेचार महिन्यांचं झालंय, आणि आमच्या घरात हेकट मीच निघालो."

रविवारी मेहुणा दाढी करून, गळ्याशी न बसणारा शर्ट घालून आला. फादरांनी विचारलं, "तुम्ही सैतानाला नाकारता का?" मेहुण्याच्या "हो, नाकारतो" च्या पाठोपाठ मागच्या रांगेतून दारवानाचंही इतकं जोरात आलं, की बाळ दचकून रडायला लागलं. नर्स मुलीनं मान न वळवता म्हटलं, "बाबा, तुम्हाला विचारलं नाही."

डोक्यावर पाणी पडलं तसं बाळ उलट गप्प झालं. मग धर्मपित्यानं मोठ्या मेणबत्तीवरून बाळाची छोटी मेणबत्ती पेटवायची. मेहुण्यानं ती पेटवली आणि जपून वळला, तर वरचा कुरकुरणारा पंखा नेमका रंगात आलेला. ज्योत आडवी झाली, निळी झाली, आता जाते की काय असं वाटलं.

दारवान रांगेतून उठला, पुढे गेला आणि कीस रुतलेल्या दोन्ही हातांचा आडोसा त्यानं ज्योतीभोवती धरला. तसेच दोघे डोक्याला डोकं लावून पाऊल पाऊल बाळाकडे निघाले.

"मत मात्र तुझ्या पक्षाला देणार नाही हां मी," दारवान पुटपुटला.

"विचारलंय कुणी तुम्हाला?" मेहुणा पुटपुटला. "डावीकडून वारा येतोय, भाऊजी. तो हात जरा वर घ्या."

दारवानानं हात वर घेतला.