विचारा पोपटाला

शेजारच्या मुलीला मी कितपत ओळखत होतो, असं कोणी विचारलं तर मला मान खाली घालावी लागेल. भिंतीला भिंत लागून राहिलो, पण तिला काय आवडायचं तेही सांगता येणार नाही. मुलगी म्हणायची ती आपली माझी सवय. चाळिशीला टेकली होती.

नवरा डॉक्टर. लग्न झालं तेव्हा तो पुढच्या परीक्षेचा अभ्यास करत होता आणि ती पुस्तकातून त्याला प्रश्न विचारायची. विचारता विचारता तिचंच पाठ झालं. पुढे दवाखाना जोरात चालू लागला. एकदा घरी पाहुणे जेवायला असताना ती कुठल्याशा आजाराबद्दल काही बोलली. डॉक्टर हसून म्हणाला, "आमचा पोपट आहे हा. पाठ सगळं, कळत काही नाही." पाहुणेही हसले.

ती घर सोडून आमच्या मजल्यावर राहायला आली आणि डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करू लागली.

"शिकायची हौस दिसते," मी म्हणालो.

"हौस कसली, काका? त्याच पाहुण्यांना माझ्या दाराबाहेर रांगेत बसवायचंय."

रोज संध्याकाळी पुस्तक माझ्या हातात द्यायची आणि कपडे वाळत घालता घालता म्हणायची, "हं, विचारा पोपटाला." पुस्तकातल्या शब्दांवर माझी जीभ काही वळत नसे. ती आधी माझा प्रश्न दुरुस्त करायची, मग उत्तर द्यायची.

पहिल्या वेळी थोडक्यात हुकलं. डॉक्टरने निरोप धाडला: दवाखान्यात नावं लिहून घ्यायला बाई हवी आहे, ये. तिने तो मला वाचून दाखवला आणि पुस्तक पुढे केलं. "विचारा."

दुसऱ्या वेळी नंबर लागला. डॉक्टर स्वतः मिठाईचा पुडा घेऊन आला. मी तिथेच होतो. उठावं की बसावं ते कळेना.

"झालं गेलं सोड, घरी चल," तो म्हणाला. "चार लोकांत सांगता येईल, बायकोही डॉक्टर होणार म्हणून."

"येईन की. काका, आधी ह्यांना एक प्रश्न विचारा."

मी पुस्तक उघडलं. तो एक प्रश्न मात्र मी न अडखळता वाचला. "नेच्याच्या पानामागे तपकिरी ठिपके असतात, ते कशाचे?"

डॉक्टरने कपाळ चोळलं. "हे... तेव्हा पाठ होतं. आता कोण लक्षात ठेवतो?"

"पाठ होतं?" ती म्हणाली. "कळलं नव्हतं?"

तो जिना उतरून जाईपर्यंत ती दारात उभी होती. मग वळून म्हणाली, "झाला पोपट." पुडा राहिलाच होता. मला साखर वर्ज्य, तरी आम्ही दोघांनी तो संपवला.

कॉलेजला निघाली तेव्हा मी तिची बॅग गाडीत ठेवली. काहीतरी चांगलं बोलावं असं फार वाटत होतं.

"काका, चष्म्याचा नंबर तपासून घ्या. प्रश्न फार चुकीचे वाचता."

"तू डॉक्टर झालीस की तूच तपास."

"तोवर थांबू नका. उद्याच जा."

"बरं," मी म्हणालो.