शाळेची बस मोंढ्यात कशाला?

पोलिसाच्या नोकरीत खून-दरोडे पुष्कळ पाहिले, पण ती पिवळी बस काही डोक्यातून जात नाही. तेव्हा मी उदगीरला होतो. एका खबऱ्यानं सांगितलं, "साहेब, शाळेची बस रोज दुपारी धान्याच्या मोंढ्यामागं उभी ऱ्हाती. गुटखा हाय बघा." गुटख्याला आपल्याकडं बंदी, कर्नाटकची हद्द जवळ, आणि शाळेच्या बसला कोण अडवतो? मलाही पटलं.

दुसऱ्या दिवशी पंच घेऊन झडती घेतली. गुटख्याची एक पुडी सापडेल तर शपथ! सीटखाली साबण, ओला टॉवेल आणि पोती ओढायचा लोखंडी आकडा, एवढंच. ड्रायव्हर चाळिशीचा. ठाण्यात आणला, तर तोंडातून शब्द नाही. चोर सहसा जास्त बोलतो, हा गप्प का?

चहा मागवला. कप घ्यायला त्याचा उजवा हात वर जाईना. सदरा काढायला लावला. खांदा सोललेला, मानेवर तुरीचा भुसा. गडी मोंढ्यात हमाली करत होता!

शाळा पगार द्यायची तो फक्त सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्यांचा. मधली दुपार बिनपगारी, उन्हाळ्याची सुट्टीही बिनपगारी. वर दुसरं काम केलं तर नोकरी बंद.

"साहेब, पायजे तर गुटख्याची केस घाला, पण हमालीचं शाळंत सांगू नका."

"का रे लेका?"

"गुटखा खोटा हाय, सुटून येईन. हमाली खरी हाय, नोकरी जाईल."

मी चाटच पडलो. विचारलं, "मग संध्याकाळी गाडीवर डुलकी येत नाही?"

"येती की. म्हणून पोरान्ला मोठ्यानं गाणी म्हणाय लावतो."

गप्प बसण्याचा शब्द मी त्याला दिला नाही. त्याच संध्याकाळी बसवर दुसरा ड्रायव्हर पाठवायला लावला आणि संस्थाचालकाला गाठलं.

तो म्हणाला, "दुपारी नुसतं बसायचा पगार कोण देतं हो?"

"ठाण्यात बसलेल्या शिपायाला सरकार देतं की! आणि ऐका, याला काढलंत, किंवा कुणाच्या लेकराला खरचटलं, तर पहिला तुम्हाला उचलीन."

चरफडत का होईना, त्यानं ड्रायव्हरांना दिवसभराचा पगार आणि दुपारी पाठ टेकायला एक खोली दिली. सुट्टीचा पगार मात्र दिला नाही. उन्हाळ्यात तो माणूस मोंढ्यातच दिसायचा.

गुन्हा शोधायला गेलो आणि सापडला तो असा, कुठल्याच कलमात न बसणारा. आजही शाळेची बस गाणी म्हणत गेली की लोक कौतुकानं हसतात. मी आधी ड्रायव्हरचे डोळे बघतो.