चिकाची किटली

आमच्या खोऱ्यात चिकाची किटली धुवून परत करत नाहीत. एरवी आमच्या बायका भांडी अशी घासतात की आरशाने लाजावं. पण गाय व्यायली आणि शेजाऱ्याने दारात चीक आणून ठेवला, की त्याचा खरवस करायचा, वर जायफळ किसायचं, खायचा, आणि किटली तशीच, आतल्या पिवळ्या थरासकट परत नेऊन द्यायची. धुतली तर गाय जाते. खरं का खोटं ते मला विचारू नका. माझी आई भुताखेतांना हसायची, तेराच्या आकड्याला हसायची, पण चिकाची किटली तिने जन्मात कधी पाण्याखाली धरली नाही.

मी धरली. चुकून नाही, मुद्दाम. तारेच्या घासणीने घासली. आणि ज्याची किटली घासली त्या विल्फ आयव्हसनने तीन वर्षं मला त्याबद्दल एका शब्दाने विचारलं नाही. त्या माणसाची हीच तर खोड! भांडला असता तर मीही चार शब्द सुनावून मोकळी झाले असते.

विल्फचं शेत ओढ्याच्या वरच्या अंगाला, माझं खालच्या. आम्ही एकाच शाळेत जायचो, दोघांच्याही बुटांना शेणाचा वास यायचा, म्हणून मास्तरीणबाई आम्हाला एकाच बाकावर, खिडकीशी बसवायच्या. पुढे मी लग्न करून ओढ्याच्या या बाजूला आले. तो तसाच राहिला. "लग्न का नाही केलंस रे?" असं कुणी विचारलं की म्हणायचा, "पहाटे पाचला धार, दुपारी चारला धार. मधल्या वेळात मला कोण पसंत करणार?"

चौतीस गाई होत्या त्याच्याकडे, लाल-पांढऱ्या, आखूड शिंगांच्या. प्रत्येकीला खोऱ्यातल्या कुठल्या ना कुठल्या बाईचं नाव, तेही त्या बाईला विचारून ठेवलेलं. ऑलिव्ह होती, मॉड होती, विनी होती. माझ्या नावाचीही एक होती, मेव्हिस. दिसेल त्याला लाथ मारायची. "नाव शोभतं तिला," असं म्हणायचा मेला, तेही गाईकडे बघत. माणसांशी बोलतानाही त्याची नजर गाईकडेच असायची. पण आपल्या आईचं नाव, हेटी, ते मात्र गोठ्यातल्या सर्वांत गुणी गाईलाच, आणि एका वेळी एकीलाच.

गाय व्यायली की निळ्या काठाची पांढरी किटली घेऊन तो निघायचा. आमच्या लहानपणी खोऱ्यात अकरा घरी गाई होत्या आणि प्रत्येकाचा चीक प्रत्येकाकडे जायचा. मग एकेक घर सुट्टीला येणाऱ्या शहरी लोकांनी घेतलं. एकदा विल्फने अशाच एका जोडप्याच्या दारात किटली ठेवली. त्यांना वाटलं, पिवळं दूध म्हणजे नासकं. त्यांनी ते झाडांना घातलं आणि किटलीत लव्हेंडरचं रोप लावलं! विल्फ गेला, रोप उपटून त्यांच्या हातात दिलं आणि किटली घेऊन आला. त्यानंतर ती फक्त माझ्याच दारात यायला लागली.

आता माझ्या गाईंचं सांगते. नवरा गेल्यावर सहा वर्षं मी एकटीने अठ्ठावीस गाई सांभाळल्या. मग डेअरीची पत्रं यायला लागली. प्रत्येक पत्राच्या सुरुवातीला "आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत" आणि शेवटी दुधाचा भाव आणखी खाली. दुकानात बाटलीतलं पाणी दुधापेक्षा महाग झालं. अहो, पाण्याला चारा घालावा लागतो का? पाण्याचं पोट फुगतं का? पाण्यासाठी नाताळच्या पहाटे कुणी अंथरूण सोडतं का? मी डेअरीला फोन करून हेच विचारलं. पलीकडची पोर म्हणाली, "बाई, तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे." घे नोंदवून! एका मंगळवारी गाडी आली आणि माझ्या अठ्ठावीसच्या अठ्ठावीस गाई घेऊन गेली. शेवटची चढेना, तेव्हा मीच तिला चुचकारून वर चढवली. माझ्या आवाजावर विश्वास ठेवून चढली ती.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला डोळे उघडले. उठायला कारण नव्हतं. तरी उठले, बूट घातले, दार उघडलं, तर पायरीवर किटली. विल्फची हेटी व्यायली होती.

त्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. माझं घर दुधावाचून राहू नये एवढंच त्याला वाटलं असणार. पण माझा गोठा रिकामा, आणि याच्याकडे वासरं होताहेत! मी तो चीक मोरीत ओतला. मग तारेची घासणी घेतली आणि ती किटली आतून-बाहेरून घासली, हात दुखेपर्यंत घासली. लख्ख करून त्याच्या कुंपणाच्या खांबाला अडकवून आले.

तिसऱ्या दिवशी हेटी बसली ती उठलीच नाही. डॉक्टर आला, सुया टोचल्या, बाटल्या चढवल्या. व्याल्यावर गाई अशा बसतात, दरसाल कुठे ना कुठे एखादी जातेच, डॉक्टरनेही तेच सांगितलं. मला ते पटतं. दिवसा पटतं.

त्यानंतर माझ्या दारात किटली आली नाही. विल्फ भेटला की टोपीला हात लावायचा, हवापाण्याचं बोलायचा, माझं छप्पर उडालं तेव्हा शिडी घेऊन आला. पण किटली नाही. वसंतात त्याच्या गोठ्यातून नव्या वासराचा आवाज यायचा आणि मी वेड्यासारखी पायरीवर जाऊन बघायचे. खरवस काय, नसला मिळाला तरी कुणी मरत नाही. पण मला ती किटली हवी होती. माझ्या गाई हव्या होत्या. अकरा घरांतल्या बादल्यांचे आवाज हवे होते. यातलं दुसरं-तिसरं परत येणार नव्हतं. पहिलं तरी यावं, असं फार वाटायचं.

यंदा सप्टेंबरात डेअरीचा टँकरवाला कॉलिन माझ्या फाटकाशी थांबला. "ऐकलंत का बाई? विल्फला पत्र गेलंय. भाव पुन्हा पाडलाय. आणि वर एकट्याच्या दुधासाठी एवढा घाट चढणं डेअरीला परवडत नाही म्हणे. ऑक्टोबरनंतर मी येणार नाही."

"मग तो काय करणार?"

"काय करणार! विकणार. त्याच महिन्याच्या शेवटच्या बुधवारी लिलाव आहे."

मी तिथेच फाटकाला धरून उभी राहिले. खोऱ्यातल्या शेवटच्या गाई जाणार, हे तर होतंच. पण माझ्या डोक्यात दुसरंच आलं. गाई असेपर्यंतच मला त्याला सांगता येणार होतं. गोठा रिकामा झाल्यावर "मी तुझी किटली मुद्दाम घासली होती" असं सांगण्यात काय अर्थ? रिकाम्या गोठ्याला कसली माफी आणि कसलं काय!

दोनदा गेले. पहिल्यांदा तो धार काढत होता. यंत्राचा आवाज, वर रेडिओ. मी म्हटलं, "विल्फ, मला जरा बोलायचंय." तो म्हणाला, "बोल की." मी म्हटलं, "तुझ्या नळाला गळती लागलीय." दुसऱ्यांदा अर्धा घाट चढून गेले आणि कुत्रा भुंकला या निमित्ताने परत फिरले. त्याचा कुत्रा चौदा वर्षांचा, दात पडलेले. इतकी मी शूर!

लिलावाच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, सकाळी मी चुलीतली राख काढत होते. दार वाजलं. विल्फ उभा होता. कामाचाच कोट, पण दाढी केलेली. आणि हातात निळ्या काठाची किटली.

"मॉड व्यायली," तो म्हणाला. "कालवड झाली. हेटीची नात."

मी किटली घेतली. गरम होती अजून.  तो जायला वळला, तेव्हा तोंडातून निघून गेलं, "विल्फ, मी ती मुद्दाम घासली होती."

"माहीत आहे."

"कसं माहीत?"

"तारेच्या घासणीचे चरे आहेत आत. गोठ्यात खिळ्यालाच असते, रोज बघतो."

"अरे, मग तीन वर्षं मूग गिळून बसलास? एक शब्द बोलायचास! शिव्या घालायच्यास!"

तो माझ्या अंगणात बघत होता. तिथे गाय नव्हती, तरी तिकडेच बघत होता. "तू सांगशील म्हणून थांबलो होतो," तो म्हणाला.

"आणि मी नसतंच सांगितलं तर?"

"म्हणून तर आज आलो. उद्या गाई जाणार. वाट बघायला आता वेळ कुठे उरलाय, मेव्हिस?"

मला रडू आलं. त्याच्यासमोर, राखेने माखलेल्या हातांनी, मी ढसाढसा रडले. "हेटी माझ्यामुळे गेली," म्हटलं.

"हेटी कॅल्शियम कमी पडून गेली," तो म्हणाला. आणि मग, "पण राग आला होता मला. खूप आला होता. आईचं नाव होतं तिला."

"मला तुझा हेवा वाटला रे. माझ्या गाई गेल्या आणि तुझ्या होत्या."

"आता नसतील. झाली फिटंफाट." तो हसला, पण ते हसू काही टिकलं नाही. पायऱ्या उतरताना मागे न बघता म्हणाला, "किटली धुवून दिलीस तरी चालेल आता. आता काही बिघडायचं राहिलं नाही."

बुधवारी विल्फच्या शेतावर सगळं खोरं लोटलं. शहरी लोकही आले, फोटो काढत होते. आम्ही बायकांनी चहा आणि मटण भरून भाजलेल्या खाऱ्या पेस्ट्र्या केल्या, जशा मयताच्या घरी करतात तशाच. विल्फने प्रत्येक गाईला स्वतः लिलावाच्या रिंगणात आणलं आणि तिचं नाव मोठ्याने सांगितलं. ऑलिव्ह. विनी. मॉड आणि तिची कालवड. घेणारा दक्षिणेकडचा मोठा शेतकरी होता, सहाशे गाईवाला. भला माणूस असेल, पण तिकडे गाईंना नंबर असतात. दुपारी साडेतीनला शेवटची गाडी घाट उतरली. चार वाजता विल्फ उठून गोठ्याकडे चालायला लागला. अर्ध्या वाटेत त्याच्या लक्षात आलं. 

घरी येऊन मी खरवस खाल्ला. जायफळ घातलं होतं, पण चव काही लागली नाही. मग किटली घेऊन मोरीपाशी गेले. नळ सोडला. आत पिवळा थर होता आणि थराखाली माझे चरे. पाणी वाहत राहिलं, मी नुसती उभी राहिले. मग नळ बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर गेले. एका हातात किटली, दुसऱ्या हातात गावातल्या दुकानातून आणलेली दुधाची प्लॅस्टिकची बाटली. कारण मला माहीत होतं, त्याच्या बहात्तर वर्षांत त्या घरात दूध कधी विकत आलेलं नाही, आणि तो काळा चहा पीत बसलेला असणार. तो गोठ्यातच होता. झाडलोट सुरू होती, उद्या गाई येणार असल्यासारखी.

बाटली हातात घेऊन त्याने उलटसुलट करून पाहिली. झाकण कुठल्या बाजूला फिरवायचं ते त्याला कळेना. मीच उघडून दिलं. त्याने वास घेतला. "हे काय आहे?"

"दूध."

"असं?" तो म्हणाला आणि बाटली खिडकीत ठेवून दिली.

मग त्याने माझ्या हातातून किटली घेतली आणि झाकण उचलून आत पाहिलं. थर वाळून तडकला होता, आंबूस वास सुटला होता.

"घाण आहे," तो म्हणाला. "मी तर म्हटलं होतं, धुतलीस तरी चालेल."

"म्हटलं होतंस. पण मॉड आहे ना कुठेतरी. आणि तिची पोर."

त्याने मग झाकण लावलं आणि किटली तिच्या खिळ्याला, रिकाम्या दावणीच्या वर, तशीच अडकवली.