शहापूरच्या माडीवरचं कोर्ट

धरणेंद्र मगदूम निपाणीजवळच्या एका खेड्यातला. घरची तंबाखूची शेती, घरात मराठी आणि आजोळी कानडी. लहानपणापासून त्याच्याबद्दल सगळ्यांची एकच तक्रार होती, की हे पोरगं बोलता बोलता कुठंतरी निघून जातं. वडिलांनी त्याला बेळगावच्या लॉ कॉलेजात घातलं. वकिली शिकेल न शिकेल, निदान भानावर तरी येईल, असं त्यांना वाटलं असावं.

शहापुरात परसू नावाच्या विणकराच्या माडीवर त्याने खोली घेतली होती. खाली दोन माग चालत. त्यांचा आवाज जिन्याने वर येई आणि पुस्तकातल्या ओळी हळूहळू त्या ठेक्यावर डोलू लागत. परसूची बहीण चंद्राबाई माडीवरच, खोलीबाहेरच्या उजेडात, रहाट घेऊन मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसे. तिला उचगावात दिलं होतं. नवरा भरमू नऊ वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणीत काम बघतो म्हणून गेला, त्यानंतर ना पत्र ना निरोप. दिराने थोडे दिवस सांभाळलं, मग भावाकडे पोचवलं. कपाळावरचं कुंकू तिने काढलं नव्हतं आणि तिला कोणी तसं सांगायलाही गेलं नव्हतं.

सन त्रेचाळीसच्या थंडीत कॉलेजात मूट कोर्टाची स्पर्धा जाहीर झाली. दावा मनाने रचलेला, पण युक्तिवाद खऱ्या कोर्टासारखा, आणि न्यायासनावर एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश. दाव्याचा कागद वाचताना धरणेंद्र मधेच थांबला. एकत्र कुटुंबातला एक भाऊ पस्तीस साली घर सोडून गेला होता. सात वर्षांहून जास्त काळ खबर नाही, म्हणून तो मेला असं कायदा धरून चालतो. पण मेला कधी? सदतीसच्या एप्रिलनंतर मेला असेल तर नव्या कायद्याने बायकोला घरात त्याचा वाटा. आधी मेला असेल तर नुसतं अन्नवस्त्र. वाट्यासाठी बायकोने दिरावर दावा लावला होता. चिठ्ठ्या टाकल्या, धरणेंद्रकडे दिराची बाजू आली.

खरं तर त्याने निवाडे शोधायला लागायला हवं होतं. त्याऐवजी त्याला तो हरवलेला माणूस दिसू लागला. कागदावर त्याला नाव नव्हतं. धरणेंद्रने त्याला एक तपकिरी कोट दिला, जरा वाकून चालायची सवय दिली. दुपारी गल्लीत रंगवलेलं सूत वाळत टाकलेलं असे, निळं, डाळिंबी, हळदी. त्या रंगांतून तो माणूस सावकाश येई आणि खिडकीखाली उभा राही. धरणेंद्र त्याला अदबीने विचारी, "आपण वारलात ती तारीख कोणती?" माणूस हसून सांगेही, पण नेमका त्याच वेळी खाली माग खडखडे आणि तारीख त्या आवाजात बुडून जाई. डोळे उघडावेत तर पुस्तकाचं तेच पान.

एके सकाळी तो मोठ्याने इंग्रजीत सराव करत होता. रहाट थांबला. हे कसलं स्तोत्र म्हणता, असं चंद्राबाईने विचारलं. त्याने सगळा दावा मराठीत सांगितला, आणि सांगून झाल्यावर आपण कोणाला काय सांगितलं ते त्याच्या ध्यानात आलं. पण तोवर उशीर झाला होता.

"सात वर्सं झाली की माणूस मरतं व्हय, अण्णा?" तिने विचारलं.

"मरत नाही, आक्का. कोर्ट तसं धरून चालतं."

"आन् त्यो मेला म्हणून कोर्टात सांगायचं कुणी?"

"जिला वाटा पाहिजे तिनं."

तिने सुताचं तुटलेलं टोक हुडकलं, बोटांनी जोडलं आणि म्हणाली, "लई अवघड काम दिलंय की बाईला."

त्या दिवसापासून तो आधी मराठीत तिच्यापुढे बोले आणि मग इंग्रजीत. चंद्राबाईला कायदा कळत नव्हता, पण कानाला फार तिखट. जिथे त्याची स्वतःचीच खात्री नसे तिथे तो भराभर बोलून पुढे जाई, आणि ती रहाट न थांबवता म्हणे, "हितं पळालासा." मग तो मागे येई. पंधरा दिवसांत त्याच्या भाषणातलं पळणं गेलं. त्याला हरवायचं होतं त्या कागदावरच्या बाईचं काय, हा विषय मात्र दोघांनीही काढला नाही.

स्पर्धेच्या दिवशी हॉल भरला होता. धरणेंद्र शांतपणे बोलला. मृत्यूची तारीख कायदा धरून चालत नाही. अमुक दिवसानंतर मेला असं जी म्हणते, तिनेच ते शाबीत केलं पाहिजे. न्यायाधीशांनी चष्मा काढून विचारलं, की जी घरात वाट बघत बसली तिने हे शाबीत करायचं तरी कसं?

धरणेंद्रची नजर खिडकीबाहेर गेली. तो पुन्हा कुठंतरी गेला, असं मित्रांना वाटलं. मग तो म्हणाला, "तिला ते शक्य नाही, महाराज. कायदा तिच्याकडे ते मागतो एवढंच मी सांगू शकतो. ते मागणं योग्य आहे असं मी सांगणार नाही."

त्याला दुसरा नंबर मिळाला. स्वतःच्या पक्षकाराला एवढं उघडं पाडू नये, अशी समज न्यायाधीशांनी त्याला दिली, आणि खाली उतरल्यावर त्याचा हात जरा जास्त वेळ हातात धरला. घरी आल्यावर चंद्राबाईने विचारलं, बाईला वाटा मिळाला का. असल्या कोर्टात निकाल लागत नाही, नुसते नंबर लागतात; तरी मिळाला, असं त्याने सांगितलं. तिने मान हलवली.

सनद घेऊन धरणेंद्रने निपाणीत वकिली सुरू केली. शेहेचाळीस साली एका दुपारी चंद्राबाई मोटारीने एकटीच तिथे आली. परसू थकला होता, एक माग बंद पडला होता, आणि आता तिला उचगावच्या घरात आपली जागा हवी होती.

"पर त्यो मेला असं मी म्हणणार न्हाय," ती म्हणाली. "तसं न म्हणता काय हुतंय का बघा."

धरणेंद्रने आठ दिवस पुस्तकं उलटली. मग त्याने विधवेचा दावा न लावता बायकोचा लावला. एकत्र घराचा कारभार ज्याच्या हाती, त्याने परगावी गेलेल्या भावाच्या बायकोला पोसायचं आणि राहायला जागा द्यायची, एवढंच मागणं. तिचा नवरा जिवंत की मेला, हे अर्जात कुठेच नव्हतं. बेळगावच्या कोर्टात दुसऱ्याच तारखेला दिराने तडजोड केली. परसदाराकडची खोली आणि वर्षाचं धान्य तिच्या नावे लिहून दिलं.

उन्हाळ्यात धरणेंद्र उचगावला गेला, तेव्हा ती खोली सारवत होती. त्याला बाहेर बाजेवर बसवून तिने गूळपाणी दिलं, आणि हात धुऊन पुन्हा कामाला लागली. भिंतीला अजून एक खिडकी पाडायची आहे, दिराला विचारायला लागेल का, असं तिने आतूनच विचारलं. लागणार नाही, असं धरणेंद्रने सांगितलं.